आतल्या कड्याचा हक्क

आइसलंडमध्ये वाहन चालवणाऱ्यांसाठी एक नियम आहे. गोल चौकात गाड्यांसाठी एकात एक अशी दोन कडी असतील, तर आतल्या कड्यातून फिरणाऱ्याचा हक्क पहिला. त्याने बाहेर पडण्याची खूण केली की बाहेरच्या कड्यातल्याने थांबायचे आणि त्याला वाट द्यायची. अठराव्या वर्षी सुतारकाम शिकायला मी रेक्याविकला गेलो, तेव्हा गाडी शिकवणाऱ्या माणसाने हा नियम मला एका वाक्यात सांगितला आणि पुढच्या वाक्यात तो ब्रेककडे वळला. माझ्या मनात मात्र तो नियम रेंगाळत राहिला. जो आत आहे त्याला बाहेर यायला वेळ लागतो, तेव्हा बाहेरच्यांनी क्षणभर थांबावे, असे एखाद्या देशाने कायद्यात लिहून ठेवावे याचे मला फार अप्रूप वाटले. गाडी चालवण्यातले मला मनापासून पटलेले असे काही असेल, तर ते एवढेच.

सहा वर्षांनंतर, मे महिन्यातल्या एका शुक्रवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी, मी ब्रुसेल्समधल्या एका मोठ्या गोल चौकाच्या आतल्या कड्यात होतो, आणि त्या नियमाची तिथे कुणालाही खबर नव्हती.

"तीन," हाल्दोरा आत्या म्हणाली.

"काय तीन?"

"फेऱ्या. त्या घोड्यावरच्या माणसाला मी तिसऱ्यांदा बघतेय. आता तो टोपी काढून नमस्कार करील मला."

चौकाच्या मधोमध कुणा सेनापतीचा काळवंडलेला पुतळा होता. त्याच्या घोड्याने एक पाय उचललेला होता, आणि मला वाटले, त्यालाही बहुधा उतरायला कुणी वाट दिली नसावी.

गाडी आत्याची होती. आमच्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, दोन्ही काठांवरच्या एकोणीस शेतांना तिने एकतीस वर्षे ह्याच गाडीतून टपाल वाटले, आणि निवृत्त होताना ती गाडीच मागून घेतली. उंच, चौकोनी, पिवळा रंग उडालेली ती गाडी लांबून एखाद्या चाकांवरच्या कपाटासारखी दिसे. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यामुळे तिचा परवाना संपला होता, म्हणून चाक माझ्या हातात होते. पण गाडी जिथे जाईल तिथे आपण जाणार, असे तिने घरात जाहीर केले होते, आणि तिच्यापुढे बोलायची आमच्या घरात कुणाची प्राज्ञा नव्हती.

गाडीच्या मागच्या भागात, लोकरीच्या सात घोंगड्यांत गुंडाळलेली एक पायपेटी होती. आमच्याकडचे चर्च बंद पडले तेव्हा तिला कुणी वाली उरला नव्हता. ती होड्यांच्या शेडमध्ये जाऊन पडली, उंदरांनी तिच्या भात्याचे चामडे खाल्ले आणि खाऱ्या हवेने तिच्या पितळी सुरांवर हिरवा गंज चढवला. मी दोन हिवाळे तिच्यापाशी बसलो. जगात मला कुणाशी बोलायचे नसे असे नव्हे. पण बोलण्याआधी मला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ फक्त तिनेच मला दिला.

आणि आता त्या दोन हिवाळ्यांचा निकाल चार वाजता लागायचा होता. ब्रुसेल्समध्ये क्लेरेम्बो नावाच्या बाईंची जुन्या पेट्या आणि ऑर्गन दुरुस्त करण्याची कार्यशाळा आहे. त्या तीन वर्षांतून एकदा, एकच शिकाऊ घेतात. अट अशी की उमेदवाराने स्वतः दुरुस्त केलेले वाद्य स्वतः घेऊन यावे. त्यांच्या पत्रात वाराच्या खाली एक ओळ होती आणि त्या ओळीखाली शाईची जाड रेघ होती. *चार वाजता दार बंद होईल.* मी ते दार गाठले नाही, तर मंगळवारच्या बोटीने परत, आणि घरी पोचताच वडिलांच्या मासेमारी जहाजावर. तिथली माझी झोपायची फळी त्यांनी आधीच रिकामी करून ठेवली होती.

धक्क्यावर निरोप द्यायला वडील आले होते. त्यांनी गाडीच्या टायरला पायाने दोनदा ठोकून पाहिले.

"तू परदेशी शहरात गाडी चालवणार?" ते म्हणाले. "अरे, तू मेंढ्यांनासुद्धा आधी जाऊ देतोस."

"मेंढ्यांना जाऊच द्यायचं असतं, बावळटा," आत्या आतून ओरडली. ती त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. "त्या तुझ्यापेक्षा शहाण्या आहेत. त्यांना कुठं जायचंय ते त्यांना माहीत असतं."

वडील हसले नाहीत. त्यांनी मला एवढेच सांगितले, "फळी मी कुणाला देणार नाही. तू येशील."

डेन्मार्क आणि जर्मनी आम्ही दोन दिवसांत ओलांडले. हमरस्त्यावर मला भीती वाटली नाही. तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. ब्रुसेल्समध्ये शिरताच मात्र रस्त्याने आम्हाला न विचारताच बोगद्यात ओढून घेतले. बोगद्यात दोन फाटे फुटले, मी जो धरला त्याने आम्हाला तीन किलोमीटर पलीकडे अनोळखी उजेडात आणून सोडले, आणि आत्याच्या मांडीवरचा नकाशा त्या क्षणापासून निरुपयोगी झाला. फोनने वाटा सांगण्याचे दिवस अजून आलेले नव्हते. आत्या टपालावरचे अस्पष्ट पत्ते वाचायच्या भिंगातून नकाशा वाचत होती आणि कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पाट्यांवर चिडत होती.

"इथं प्रत्येक रस्त्याला दोन-दोन नावं कशाला?"

"इथे दोन भाषा आहेत, आत्या. फ्रेंच आणि डच."

"मग रस्तेही दोन-दोन करायचे होते. निदान एक तरी सापडला असता."

असे करत आम्ही त्या चौकात येऊन पडलो. आम्हाला तिसरा फाटा हवा होता. मी शिस्तीने आतल्या कड्यात शिरलो, फाटा जवळ येताच उजवीकडचा दिवा लावला आणि बाहेरच्या गाड्या थांबण्याची वाट पाहिली. त्या थांबल्या नाहीत. मी दुसरी फेरी घेतली. पुन्हा दिवा, पुन्हा तेच. उजव्या बाजूने गाड्यांची एक अखंड भिंत सरकत होती, आणि भिंतीतला प्रत्येक चेहरा सरळ पुढे बघत होता.

"चार," आत्या म्हणाली. "सिंद्री, तू नक्की कशाची वाट बघतोयस?"

"ते थांबतील याची."

"का थांबतील?"

"नियम आहे."

"कुणाचा?"

"आपला."

आत्याने भिंग खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मोतीबिंदूने तिच्या डोळ्यांत धुके आले होते, पण त्या धुक्याआडून ती मला नेहमीच फार स्पष्ट बघत आली आहे.

"बाळा," ती म्हणाली, "आपला नियम बोटीवर चढताना आपण तिथंच ठेवून आलो."

पाचवी फेरी सुरू झाली.  मला शाळेतली हिवाळी नाचाची संध्याकाळ आठवली. मुले गोल फिरत होती आणि मी भिंतीपाशी कोटांच्या ढिगाजवळ उभा राहून, कुणीतरी क्षणभर थांबेल आणि मग मी पुढे होईन, असे धरून चाललो होतो. जेवणाच्या टेबलावर, बोटीवर, वर्गात, सगळीकडे माझे तेच झाले होते. मी चुकीचा नव्हतो. माझ्याजवळ नियम होता. फक्त त्याची प्रत दुसऱ्या कुणाकडे नव्हती. आणि ह्या विचाराबरोबर माझ्यात एक अनोळखी गोष्ट जागी झाली. तिला नाव द्यायला मला थोडा वेळ लागला. तो राग होता.

"सहा," आत्या म्हणाली.

मी दिवा लावला. आरशात पाहिले. एका हिरव्या गाडीच्या पुढे जेमतेम एका कपाटाएवढी जागा होती. मी कपाट तिथे घातले.

कर्रर्र असा लांब आवाज झाला आणि मग काचेचा छोटा, जवळजवळ सुरेल खळकन. आम्ही फाट्यात शिरलो होतो. हिरवी गाडीही आमच्या मागोमाग शिरून कडेला थांबली. तिचा डावा आरसा तुटून एका वायरीवर लोंबकळत होता.

गाडीतून एक ठेंगणे, साठीचे गृहस्थ उतरले. गळ्यात नीट बांधलेला बो, पायांत घरातल्या चपला.

"आंधळे आहात काय?" ते ओरडले. माझे फ्रेंच पुस्तकातले होते, पण हे वाक्य समजायला पुस्तक लागत नाही. "उजवीकडच्याचा हक्क पहिला! इथं शेंबडं पोरसुद्धा जाणतं!"

"आमच्याकडे आतल्याचा असतो," मी म्हणालो.

"आमच्याकडे म्हणजे कुठं? चंद्रावर?"

"आइसलंड."

"तिथं रस्ते आहेत?"

"काय म्हणतोय तो?" आत्याने खिडकीतून विचारले.

"आरसा फुटला म्हणतायत."

"त्याला सांग, माझा आरसा एका एडक्यानं फोडला होता. मी असा गळा काढला नव्हता."

"काय म्हणतायत त्या?" गृहस्थांनी विचारले.

"त्यांना फार वाईट वाटलं, असं म्हणतायत."

ते किंचित नरमले. त्यांनी आपले नाव पिरार असल्याचे सांगितले आणि गाडीतून एक छापील कागद आणला. त्या देशात टक्कर झाली की दोघांनी मिळून तो भरायचा, घटनेचे चित्र काढायचे आणि दोघांनी सह्या करायच्या. पिरार यांनी कागद माझ्या गाडीच्या नाकाडावर पसरला, खिशातून पट्टी काढली आणि वर्तुळ आखण्यासाठी नाण्याचा शोध सुरू केला. घड्याळात तीनला पाच कमी होती.

"ह्याला किती वेळ लागेल?" मी विचारले.

"नीट भरायचा तर तासभर. मला घाई नाही. मी निवृत्त आहे." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि माझी अवस्था बघून बहुधा दयेनेच पुढचे वाक्य उच्चारले. "हे बघा, तरुण माणसा. कागद झाला की गाडी इथंच लावा. किल्ली खिशात टाका. तुमच्यासारख्यानं ह्या शहरात गाडी चालवायची नसते."

तुमच्यासारख्याने. ते शब्द फ्रेंच होते, आवाज माझ्या वडिलांचा होता. मला धक्का दिसला, टायरवर ठोकणारा बूट दिसला, आणि पुढे अंधाऱ्या केबिनमधली ती रिकामी फळी, जिच्यावर माझ्या मापाची घोंगडी आधीच घडी घालून ठेवलेली होती.

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"गाडी मीच चालवणार. कागद मी भरीन, सही करीन, चित्रही काढीन. पण चार वाजता, ह्या पत्त्यावर." मी त्यांच्यापुढे क्लेरेम्बो बाईंचे पत्र धरले. 

पिरार यांनी पत्ता वाचला. "हे स्कारबेकमध्ये आहे. शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. तुम्ही पळून जाल."

"मागून या."

"म्हणजे वाट दाखवायला? मुळीच नाही! मी तुम्हाला एक वळणसुद्धा सांगणार नाही."

"मी मागितलेलंही नाही."

 मग त्यांनी कागदाची चार घड्या घालून तो खिशात कोंबला, लोंबणारा आरसा ओढून काढून मागच्या सीटवर टाकला आणि जाऊन चाकामागे बसले.

"काय झालं?" आत्याने विचारले.

"ते आपल्या मागून येणार आहेत."

"त्याला वाट माहीत आहे?"

"आहे."

"आपल्याला?"

"नाही."

"मग आपण पुढं का?"

मी गाडी सुरू केली. आत्या खुदकन हसली आणि तिने भिंग उचलले.

त्यानंतरचा तास मी आयुष्यात पहिल्यांदा वाट न देता काढला. नियम मी मोडले नाहीत. उजवीकडून एखाद्या गल्लीतून कुणी आले की मी थांबत होतो, कारण तो त्यांचा हक्क होता आणि तो मला नुकताच आरशाच्या किमतीत शिकवला गेला होता. पण डावीकडच्याला मी वाट दिली नाही. मागून दिवे मिचकावणाऱ्याला दिली नाही. हात हलवून मला मागे सारू पाहणाऱ्या मालवाहू गाडीवाल्याला तर मुळीच नाही. आमची पिवळी गाडी आणि त्याची गाडी एका अरुंद रस्त्यात समोरासमोर उभ्या राहिल्या, दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिले, आणि शेवटी त्याने मान झटकून गाडी मागे घेतली.  आत्याने एका कागदी पिशवीतून सुकवलेल्या माशाचा तुकडा काढून माझ्या तोंडात कोंबला.

"चाव," ती म्हणाली. "चावताना माणूस घाबरत नाही."

पाट्यांची युक्तीही तिला सापडली. आता ती दोन्ही नावे मोठ्याने वाचत होती आणि नकाशावर जे आधी जुळेल ते आपले मानत होती. उच्चार असे, की दोन्ही भाषांच्या लोकांनी मिळून तिच्यावर खटला भरला असता. एका चौकात ट्रामचा रूळ अचानक आमच्या चाकांखाली आला, मागून घंटा खणखणली आणि मी वीस-पंचवीस मीटर ट्रामच्या पुढे ट्रामसारखाच चाललो. थांब्यावर उभी असलेली एक बाई आमच्याकडे बघून हात वर करू लागली होती, मग तिने तो तसाच खाली घेतला. मागे हिरवी गाडी इमानाने येत होती. आरशात मला पिरार यांचा बो दिसत असे आणि त्याच्यावर सतत हलणारे तोंड.

साडेतीनला आम्ही स्कारबेकमध्ये शिरलो. कार्यशाळेची गल्ली सापडली आणि तिच्या तोंडाशी लाल-पांढरी खूण दिसली. एकाच दिशेची गल्ली, आणि आम्ही तिच्या चुकीच्या टोकाला. वळसा घेतला. वळशातून दुसऱ्याच रस्त्यावर निघालो. पुन्हा वळसा. पुन्हा तीच लाल-पांढरी खूण. चारला आठ मिनिटे होती. तिसऱ्या वेळी मी उजवीकडे वळण्यासाठी दिवा लावला, तेव्हा मागून हॉर्न वाजला, खिडकी खाली झाली आणि एक हताश किंकाळी आली.

"डावीकडे, गाढवा! चर्चच्या मागून! डावीकडे!"

मी डावीकडे वळलो. पुढच्या सिग्नलला पिरार यांनी आपली गाडी शेजारी आणली आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने मला बजावले, "मी वाट दाखवली नाही. मी फक्त ओरडलो."

गल्लीत शिरलो तेव्हा चार वाजून सहा मिनिटे झाली होती. दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. कार्यशाळेच्या मोठ्या निळ्या दारापाशी एक उंच, सडपातळ बाई कुलूप अडकवत होत्या. अंगात कातड्याचे एप्रन, नखांत वाळलेला सरस.

"क्लेरेम्बो बाई?" मी खिडकीतून म्हणालो. "मी सिंद्री. आइसलंडहून."

त्यांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. "चार वाजता दार बंद होईल, असं लिहिलं होतं."

"सहा मिनिटं झालीत."

"म्हणजेच चार वाजून गेले. आज पाच जण आले होते. पाचही वेळेवर. तुम्ही तीन वर्षांनी या." आवाजात राग नव्हता. त्या कुलूप लावून शेजारच्या लहान दारातून आपल्या घरात गेल्या आणि दार लागले.

मागे पिरार होते. त्यांच्यामागे एक पांढरी गाडी येऊन थांबली होती, तिच्यामागे आणखी दोन. पांढऱ्या गाडीने हॉर्न दिला. सरळ पुढे जायचे, कुठेतरी गाडी लावायची, फोन शोधायचा, घरी कळवायचे. माझ्यासारखा माणूस ह्याच क्रमाने पुढे गेला असता.

मी इंजिन बंद केले आणि किल्ली काढून आत्याच्या हातात दिली.

"उतर," मी म्हणालो. "मागचं दार उघड."

 एकतीस वर्षे जड पार्सले उतरवलेली बाई ती. तिने फळी लावली, घोंगड्या ओढून काढल्या, आणि आम्ही दोघांनी पायपेटी घसरवत गल्लीच्या दगडी फरशीवर आणली. ती तिथे आमच्या गाडीच्या आणि पिरार यांच्या गाडीच्या मधोमध उभी राहिली. आता गल्लीतून मांजरसुद्धा गेले नसते. हॉर्न एकाचे दोन झाले, दोनाचे पाच.

"हे काय चाललंय?" पिरार उतरून धावत आले. "आणि माझा कागद?"

"द्या इकडे," मी म्हणालो.

कागद मी पेटीच्या झाकणावर पसरला. त्यांनी वर्तुळ काढले, मी दोन गाड्या काढल्या, चूक माझ्या गाडीची असल्याच्या चौकटीत फुली मारली आणि सही केली. हे सगळे दोन मिनिटांत झाले. "तासभर लागतो म्हणाला होतात," मी म्हणालो. ते काहीतरी पुटपुटले आणि सही करू लागले.

मग मी झाकण उघडले, भिंतीशी पडलेला फळांचा रिकामा खोका ओढून त्यावर बसलो आणि भात्यावर पाय ठेवले.

एका हॉर्नने मला आजवर घाम फुटत आला आहे. त्या वेळी आठ-दहा वाजत होते, कुणीतरी खिडकीतून माझ्या आईचा उद्धार करत होते, आणि मी आमच्या चर्चमधले सर्वांत संथ स्तोत्र वाजवायला घेतले. मला स्वतःलाच ते ऐकू येत नव्हते. पायांखाली भाता भरत होता, रिता होत होता, एवढे कळत होते. मी वेग वाढवला नाही. पहिले कडवे संपले, मी दुसरे घेतले.

दुसऱ्या कडव्यात लहान दार उघडले.

"गाडी हलवा!" क्लेरेम्बो बाई ओरडल्या.

"तुम्ही ऐका, मग हलवतो!"

"ह्या गोंगाटात काय कपाळ ऐकू?"

"हात लावून बघा!"

मी वाजवत राहिलो. त्या क्षणभर जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग पेटीपाशी आल्या आणि तिच्या कुशीला त्यांनी तळवा टेकवला, तापलेल्या माणसाच्या कपाळाला टेकवावा तसा. मग दुसरा तळवा. मग गुडघ्यांवर बसून कान लाकडाला लावला. मागे पांढऱ्या गाडीचा माणूस उतरून भांडायला येत होता. पिरार त्याला आडवे झाले आणि, ह्या इसमाने आपला आरसा फोडलेला असून तो आपला गुन्हेगार आहे, त्याच्याशी आधी आपण बोलू, असे त्याला समजावू लागले.

बाईंनी मला हाताने थांबवले आणि मागची फळी काढून आत पाहिले.

"भात्याचं चामडं कुठलं?"

"आमच्या मेंढीचं."

"कमावलं कुणी?"

"मी."

त्यांनी एकेक पट्टी दाबत नेली. मधल्या सप्तकात एका पट्टीपाशी थांबल्या. पुन्हा दाबली. पुन्हा.

"हा सूर उशिरा बोलतो. एवढं सगळं केलंत आणि हा राहिला?"

"राहिला नाही. तीनदा नीट केला. मग होता तसा परत ठेवला."

"का?"

एरवी अशा प्रश्नाला मी दोन दिवस घेतले असते. "आमच्या चर्चमध्ये तो ऐंशी वर्षं उशिरा बोलत आला. त्याची वाट बघताना लोक तिथे श्वास घेत. माझे आजोबा घेत, आत्या घेते. स्तोत्र आता तसंच आहे. सूर वेळेवर आला तर सगळं गाव श्वासावाचून अडकेल."

"गाव इथं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या कार्यशाळेत उशिरा बोलणारा सूर चालत नाही. तो तुम्हाला नीट करावा लागेल."

मी उभा राहिलो. त्या माझ्याहून उंच होत्या. सहा दिवसांचा प्रवास, दोन हिवाळे आणि उरलेले सगळे आयुष्य त्या एका पट्टीवर येऊन थांबले होते, हे मला पूर्ण कळत होते.

"तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पेटीतला करीन," मी म्हणालो. "हिच्यातला नाही."

हॉर्न वाजतच होते. बाईंनी ती पट्टी आणखी एकदा दाबली आणि ह्या वेळी सोडली नाही. सूर यायची वाट बघत त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मी पाहिले, त्यांची छाती किंचित वर उचलली गेली.

"बाई, काय ते लवकर ठरवा," पिरार काकुळतीला येऊन म्हणाले. "हे लोक आता मला शिव्या द्यायला लागलेत."

क्लेरेम्बो बाईंनी एप्रनला हात पुसले, खिशातून किल्ली काढली आणि निळ्या दाराकडे वळल्या.

"पेटी आत घ्या," त्या म्हणाल्या. "सोमवारी सकाळी आठ. आठ म्हणजे आठ. आणि मेहेरबानी करून ट्रामनं या."

पेटी आत नेताना चौथा हात पिरार यांचा लागला, आणि त्यांनी पाठदुखीची तक्रार दारापासून आतल्या भिंतीपर्यंत न थांबता केली. बाहेर आलो तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत गाड्यांची रांग लागली होती. आत्या चढून बसली. तिच्या गुडघ्यांना वेळ लागतो; मी तोवर दार धरून उभा राहिलो. मग मी चढलो, पट्टा बांधला, आरसे एकेक करून लावून घेतले.

"लोक फार वैतागलेत रे," आत्या मागे वळून बघत म्हणाली.

"वैतागू देत," मी म्हणालो, आणि तिच्याकडे किल्ली मागितली.